लॅपटॉप सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

लॅपटॉप वारंवार अडकायला लागला, मधेच बंद पडायला लागला की बहुतेक जण एकच उपाय सांगतात: फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाक. दोष विंडोजमध्येच असेल तर त्याने फरक पडतो. पण डिस्क खराब होत असेल, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) सदोष असेल किंवा पंख्यात धूळ साठली असेल, तर नवी विंडोजही थोड्या दिवसांत तशीच अडकते, आणि फॉरमॅटमध्ये गेलेले फोटो आणि कागदपत्रं मात्र परत येत नाहीत. म्हणून आधी कारण शोधायचं. कारणं तशी मोजकी आहेत: उष्णता, डिस्क, रॅम, ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारा प्रोग्रॅम), जड प्रोग्रॅम आणि वीजपुरवठा. प्रत्येकाची लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. थोडा धीर धरायचा आणि एका वेळी एकच बदल करायचा. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि लॅपटॉप सुधारला, तर नेमका कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

खालच्या बहुतेक पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी शेवटच्या भागात थोडक्यात लिहिलं आहे.

सगळ्यात आधी डेटा वाचवा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून अनेक जण टाळतात. कृपया टाळू नका. लॅपटॉप आत्ता चालू होतोय, म्हणजे आत्ता कॉपी करता येतंय. डिस्क मरणाच्या वाटेवर असेल तर उद्या कदाचित येणार नाही.

एक्स्टर्नल डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा क्लाउड, जे हाताशी असेल त्यावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर कॉपी करा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी सिंक झालेत का तेही बघा. सगळं एकदम उचलण्यापेक्षा ज्याच्यावाचून अडेल ते आधी, थोडं थोडं करून घ्या. कॉपी करताना डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर तिथेच थांबा. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये तो आवाज म्हणजे आतला भाग निकामी होत असल्याची खूण असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर उरलेला डेटाही जाऊ शकतो, म्हणून तिथून पुढे डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे जावं.

याच पायरीत आणखी एक काम उरकून घ्या. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असते, आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. पुढे सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करण्याच्या पद्धतीत) जाताना किंवा बायोस (विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर लॅपटॉप अचानक बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलुपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर स्वतःच्याच डेटाला कुलूप लागतं. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आत्ताच खात्यात जाऊन ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा.

नेमकं काय होतंय ते ओळखा

‘हँग होतो’ या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार मावतात. पुढच्या वेळी लॅपटॉप अडकला की लगेच पॉवर बटण दाबू नका. आधी माऊस हलवून बघा, मग कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतोय का ते बघा.

माऊस हलतोय, फक्त एकच खिडकी पांढुरकी होऊन ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दाखवतेय, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमपुरता आहे. माऊस हलतोय पण सगळंच रडतखडत चाललंय, क्लिक केल्यावर मिनिटभराने खिडकी उघडतेय, तर संशय रॅम अपुरी पडण्यावर किंवा डिस्कवर घ्या. माऊसही थिजला, कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नाही, आवाज चालू असेल तर एकच सूर अडकून राहिला, तर मामला खोल आहे: ड्रायव्हर, उष्णता, रॅम किंवा मदरबोर्ड. निळा पडदा येऊन लॅपटॉप आपोआप रिस्टार्ट होत असेल तर त्यावरचा कोड मोबाइलवर फोटो काढून ठेवा. (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो, अर्थ तोच.) आणि काहीही न दाखवता दिवा विझल्यासारखा लॅपटॉप बंद होत असेल, तर उष्णता आणि वीजपुरवठा हे दोन संशयित आधी तपासा.

पडदा काळा झाला किंवा चित्र थिजलं पण आवाज व्यवस्थित चालू आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकून चित्र परत आलं तर दोषी कोण हे जवळपास कळलंच.

यातलं काहीच चाललं नाही तर पाच मिनिटं थांबा. खरंच काही हललं नाही तर पॉवर बटण दहा सेकंद किंवा थोडं जास्त दाबून धरा. अपडेट चालू असताना मात्र असं करू नका. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकलेली दिसली तरी आत काम चालू असू शकतं.

एक साधी वही किंवा मोबाइलमधली टिपण या कामात फार उपयोगी पडते. दर वेळी वेळ लिहा, चार्जर लावलेला होता का, कोणता प्रोग्रॅम चालू होता, लॅपटॉप गरम होता का, आणि सुरू केल्यापासून किती वेळाने अडकला. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुधा काहीतरी सूत्र दिसायला लागतं. ‘नेहमी व्हिडिओ कॉल सुरू झाल्यावर’ किंवा ‘फक्त चार्जर काढलेला असताना’ असं एक वाक्य हाती लागलं, तर निम्मा शोध संपलेला असतो.

लॅपटॉपने स्वतः केलेल्या नोंदी वाचा

विंडोज अशा घटना आतल्या आत लिहून ठेवते, आणि बहुतेक लोकांनी त्या कधी उघडलेल्याच नसतात. स्टार्टच्या शोधपेटीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ निवडा. दिवसागणिक एक आलेख दिसेल. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल खूण असते. तिच्यावर क्लिक केलं की खाली प्रोग्रॅमचं नाव येतं. नवख्या माणसासाठी विंडोजमधलं हे सगळ्यात उपयोगी पान आहे असं मला मनापासून वाटतं. पहिली लाल खूण ज्या दिवशी दिसते त्याच्या आसपास कोणता प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा अपडेट बसवला गेला, तेही इथेच दिसतं.

आणखी खोलात जायचं असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा आणि ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ निवडा. इथे लाल-पिवळ्या ओळींची रांग बघून घाबरू नका. धडधाकट लॅपटॉपमध्येही त्या भरपूर असतात. फक्त लॅपटॉप अडकला त्या वेळच्या नोंदी बघा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद अनेकांना सापडते आणि त्यांना वाटतं कारण मिळालं. तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी लॅपटॉप नीट बंद न होता अचानक बंद झाला. तो परिणाम आहे, कारण नव्हे. उलट ‘डिस्क’ या नावाने ‘बॅड ब्लॉक’ची नोंद दिसली किंवा ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरमधल्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) नोंदी दिसल्या तर त्यांना गांभीर्याने घ्या, कारण त्या हार्डवेअरकडे बोट दाखवतात.

पडद्यावरचे कोडही दिशा देतात. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ म्हणजे डिस्कवरून हवी ती माहिती वाचता आली नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आला तर रॅम तपासा, जरी बिघडलेला ड्रायव्हरही हा कोड आणू शकतो. एकाच कोडवर निकाल देऊ नका. दर वेळी तोच कोड येत असेल तर बहुधा एखादा विशिष्ट ड्रायव्हर किंवा भाग. दर वेळी वेगळाच येत असेल तर रॅमवरचा संशय वाढतो.

टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ‘सीपीयू’, ‘मेमरी’ आणि ‘डिस्क’ हे तीन रकाने बघा. लॅपटॉप रेंगाळतोय त्याच वेळी बघणं महत्त्वाचं.

मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर हलवते आणि लागेल तसा परत आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असते, म्हणून सगळं अडखळतं. मेमरीच्या शीर्षकावर क्लिक करा, जास्त खाणारे प्रोग्रॅम वर येतील. बहुतेक वेळा तिथे ब्राउझरच असतो. टॅब कमी करा, न लागणारी एक्स्टेन्शन काढा. ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये जाऊन लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करा. आणि दोन वेगवेगळे अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका. दोघेही प्रत्येक फाइल तपासायला धावतात आणि एकमेकांच्या पायात येतात.

डिस्कचा रकाना सतत १०० टक्के असेल, पण प्रत्यक्षात सेकंदाला एखाद-दोन एमबीच वाचलं जात असेल, तर डिस्क एक तर फार जुनी आहे किंवा खराब होत आहे. ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्कसमोर ‘एचडीडी’ (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) आहे की ‘एसएसडी’ (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) तेही दिसतं. एचडीडी असेल तर एसएसडी बसवणं हा जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा सगळ्यात मोलाचा खर्च आहे. त्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

जाता जाता: सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी करा. तसंच ‘शट डाउन’ केल्यावर अनेक लॅपटॉप पूर्ण बंद होत नाहीत. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उचलला जातो, त्याच्यातल्या गोंधळासकट. आठवड्यातून एखादा खरा ‘रिस्टार्ट’ करत जा.

उष्णता

सुरुवातीला सगळं ठीक, वीस-पंचवीस मिनिटांनी पंखा घोंघावतो, मग लॅपटॉप मंदावतो आणि शेवटी थिजतो किंवा बंद पडतो. हा क्रम दिसला तर आधी उष्णताच तपासा. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं. जड काम चालू असताना ८० ते ९० अंश सेल्सिअस हे लॅपटॉपमध्ये सर्रास दिसतं. प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ती गाठली की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिलं तर स्वतःला वाचवण्यासाठी लॅपटॉप बंद करतो. काहीही काम चालू नसताना ७०–८० अंश दिसत असतील तर हवा खेळत नाही असं समजा.

लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या पांघरुणावर ठेवू नका, खालच्या जाळ्या बुजतात. टेबलावर ठेवून मागची बाजू थोडी उचलून बघा. त्याने तापमान उतरलं तर आतली सफाई करण्याची वेळ झाली आहे. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, कॉम्प्रेस्ड एअरच्या डब्याने जाळीत थोड्या थोड्या फुंका मारा. पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, कारण हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्यातून स्थिर वीज तयार होते. चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) वाळलेली असू शकते. ती बदलणं सवयीच्या हातांवर सोपवा.

डिस्क आणि रॅम तपासणं

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. निळा ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळा ‘कॉशन’ असेल तर बॅकअप पूर्ण झाल्याची पुन्हा खात्री करा आणि नव्या डिस्कची तयारी ठेवा. हार्ड डिस्कमध्ये ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळी शून्याच्या पुढे जाऊन वाढत असतील, तर डिस्क बदलायचीच. तिच्यावर ‘चेकडिस्क’ (विंडोजची डिस्क तपासणी) चालवून ती बरी होत नाही. उलट तासन्‌तास चाललेली ती तपासणी मरणाऱ्या डिस्कवर शेवटचा ताण ठरू शकते.

रॅमसाठी स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा. लॅपटॉप रिस्टार्ट होऊन तपासणी करतो आणि पुन्हा विंडोज सुरू झाल्यावर निकाल सांगतो. त्याने दोष दाखवला तर तो खरा धरा. ‘काही नाही’ म्हणाला तर मात्र पूर्ण निश्चिंत होऊ नका. ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवणं जास्त भरवशाचं. रॅमच्या तपासणीत एक चूक सापडली तरी ती खूप, तिथे ‘थोडीशी खराब’ असं काही नसतं. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर आळीपाळीने एकेक लावून बघितल्यावर दोषी पट्टी सापडते. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

ड्रायव्हर आणि विंडोज

साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटाच कोसळतो. ड्रायव्हर मात्र बहुधा विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतो, म्हणून त्याच्या एका चुकीने सगळा लॅपटॉप खाली बसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती सुमारे ८५ लाख होती. हार्डवेअर एकाचंही बिघडलेलं नव्हतं. त्यामुळे निळा पडदा दिसला म्हणजे लॅपटॉप गेलाच, असं धरून चालू नका.

त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ग्राफिक्स किंवा वाय-फायच्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर’ भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. नवा ड्रायव्हर हवा असेल तर तो लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमक्या मॉडेलचा घ्या. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून लांब राहा. बायोस अपडेट करायचाच असेल तर चार्जर लावून, बिटलॉकर तात्पुरता थांबवून करा आणि मधे हात लावू नका.

मग विंडोजच्या फाइली. ‘टर्मिनल’ अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ते पूर्ण झालं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाउ. पहिली आज्ञा दुरुस्तीचं सामान नीट करते, दुसरी त्यातून बिघडलेल्या फाइली बदलते. म्हणून हाच क्रम ठेवा.

लॅपटॉप विंडोजपर्यंत पोचतच नसेल तर सुरू होताना सलग दोन-तीनदा पॉवर बटणाने बंद करा, म्हणजे दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून सेफ मोड निवडा. सेफ मोडमध्ये अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. तिथे तास-दोन तास व्यवस्थित चाललं तर दोष बहुधा बाहेरून बसवलेल्या कशात तरी आहे.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हे ठरवणारी परीक्षा

इतकं करूनही उत्तर मिळालं नसेल तर ही एक परीक्षा जरूर घ्या. दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ न करता ‘ट्राय’ निवडा. आता तुमची विंडोज आणि तिचे ड्रायव्हर पूर्ण बाजूला आहेत आणि डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. इंटरनेट, व्हिडिओ, नेहमीची कामं दोन-तीन तास करून बघा. तरीही लॅपटॉप थिजला, तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. उष्णता, रॅम किंवा मदरबोर्ड बघा. इथे सुरळीत चाललं, तर संशय विंडोजवर आणि आतल्या डिस्कवर उरतो. डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद चांगली असेल, तरच ‘रीसेट धिस पीसी’चा किंवा फॉरमॅटचा विचार करा. आता तो निर्णय अंदाजावर घेतलेला नसेल.

वीज आणि बॅटरी

फक्त बॅटरीवर किंवा फक्त चार्जरवर बंद पडत असेल तर तो फरकच उत्तर आहे. कमी वॉटचा यूएसबी-सी चार्जर लावला तर जड कामाच्या वेळी तो पुरा पडत नाही. टचपॅड वर उचललं गेलंय, खालचं झाकण फुगलंय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग लगेच थांबवा, लॅपटॉप वापरू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मधला ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघा. हार्डवेअर तपासायला अ‍ॅपल सिलिकॉनच्या (अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या) मॅकवर पॉवर बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून धरा आणि कमांड-डी दाबा. इंटेल मॅकवर सुरू होताना डी दाबून ठेवा. लिनक्सवर रॅम पूर्ण भरली की सगळं कित्येक मिनिटं थिजू शकतं, म्हणून स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) पुरेसा आहे ना ते बघा. मागच्या वेळी काय घडलं ते नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेला ‘-बी -१’ लावून वाचता येतं.

दुरुस्तीला देताना

नुसतं ‘हँग होतो’ असं सांगू नका. तुमची टिपणं, कोडचे फोटो, ‘स्मार्ट’चा निकाल आणि पेन ड्राइव्हवरच्या परीक्षेत काय झालं ते दाखवा. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीलाच विचारा. डेटा पुसला तर चालेल की नाही हे लेखी कळवा. मुख्य पासवर्ड देण्याऐवजी शक्य असेल तर वेगळं खातं उघडून द्या. कुठला भाग बदलला ते बिलावर लिहून घ्या, आणि वॉरंटीबाहेरच्या दुरुस्तीत जुना भाग परत मागा. त्यातही डिस्क असेल तर न विसरता मागा, कारण बिघडलेल्या डिस्कवरही तुमचा डेटा असतोच.